मधल्या खोलीतला घाट

परवा जाफराबादच्या स्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. वर्षश्राद्धाचा. वर फोटो, खाली चार विशेषणं: शांत, संयमी, मनमिळाऊ, प्रेमळ. फोटो अंबादासभाऊंचा होता म्हणून मी थांबलो, आणि ती विशेषणं वाचून डोक्यात तिडीक गेली. अंबादासभाऊ आणि शांत? ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पाण्याचा पेलासुद्धा कुणावर तरी खेकसल्याशिवाय तोंडाला लावला नाही, त्याला मेल्यावर शांत करून टाकायचं? जिवंतपणी वेडा म्हणायचं आणि मेल्यावर संत, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तो राग ही त्यांची एकमेव कमाई होती. तीही फ्लेक्स लावणाऱ्या पोरानं पुसून टाकली.

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून वीस-बावीस वर्षं राहिलो. तेव्हा मला त्यांच्या रागाबद्दल बोलायचा हक्क आहे. भिंत मातीची होती, सगळं ऐकू यायचं.

एक्क्याऐंशी साली माझी नेमणूक टेकडीवरच्या वाडीच्या शाळेवर झाली. वाडीला एस्टी नव्हती. तेव्हा जायची ती एकच जीप, अंबादास काळ्यांची. पहिल्याच दिवशी मी पुढच्या सीटवर बसायला गेलो तर म्हणाले, "गुर्जी, पुढं बसायचं तर बोलायचं न्हाई. बोलायचं असंल तर मागं." मी पुढे बसलो आणि सवयीने विचारलं, किती वेळ लागेल. त्यांनी गाडी थांबवली, उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं आणि मागे बोट दाखवलं. अशी आमची ओळख झाली.

त्या जीपमध्ये माणसं मावायची तेवढी मावायची, पण बॉनेटवर आणि मागे लोंबकळत कुणी नाही. पुढे त्या रस्त्यावर आलेले बाकीचे जीपवाले हसायचे. वाडीच्या रस्त्याला मध्ये एक ओढा आणि मग तोंडावर येणारा चढ होता. चढ आला की अंबादासभाऊ सगळ्यांना खाली उतरवायचे. सीटखाली फावडं आणि घमेलं असायचं. रस्त्यात नवा खड्डा दिसला की गाडी उभी. आधी शिव्या, मग दगड, मग मुरूम, मग पुन्हा शिव्या. पॅसेंजरनं भाडंही द्यायचं आणि खड्डाही भरायचा, असा तो न्याय. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "खड्डा बघून जो पुढं जातो ना, त्यो बी खड्डा करनाऱ्याचाच भाऊ." लोक मुकाट्यानं दगड उचलायचे.

एकदा वाडीला वऱ्हाड न्यायचं होतं. जीपमध्ये नवरदेव, करवली आणि नवरदेवाचे भरदार मामा. ओढ्याजवळ भाऊंनी सवयीप्रमाणे सगळ्यांना उतरायला सांगितलं. मामा तापले.

"नवरदेवाला उतरवता का? बाशिंग बांधलंय त्यानं."

"बाशिंग बांधल्यानं वजन कमी होतं का?" भाऊ म्हणाले. "उतर म्हना त्याला. आन तुम्ही आधी उतरा, खरा भार तुमचाच हाय."

नवरदेव चढ चालत गेला. मागून बँडवाले, त्यांच्यामागून धापा टाकत मामा. वर पोचला तेव्हा तो धुळीनं इतका माखला होता की मुलीकडच्यांना वाटलं, वाटेत मारामारी झाली. मामांनी पुढे कित्येक वर्षं भाऊंशी रामराम केला नाही. पण त्या चढावर एवढ्या वर्षांत इतर जीपा दोनदा उलटल्या, भाऊंची एकदाही नाही, हे मामा कधी बोलले नाहीत. आपल्याला रागावणारा माणूस लक्षात राहतो, वाचवणारा राहत नाही.

तुळसावहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, या सगळ्या काळात त्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसायच्या. माहेरी जायचं असो की दवाखान्यात, पुढची सीट कधी नाही. मी एकदा भाऊंना चिडवलं. ते म्हणाले, "पुढं बसली तर मला रस्ता सांगल." वहिनींनी मागून ऐकलं आणि पदराआडून म्हणाल्या, "सांगन न्हाई तर काय. दिसतंय मला बी." त्यावर भाऊंनी हॉर्न वाजवला. रिकाम्या रस्त्यावर.

पोरगा एकच, संतोष. त्याचं पुढे काय व्हावं? तो रस्त्याचा ठेकेदार झाला. छोटाच, मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचा. देवाला थट्टा करायची हौस असते असं म्हणतात, ती मला तेव्हा पटली. त्याचं पहिलं मोठं काम म्हणजे हाच वाडीचा रस्ता आणि ओढ्यावरचा पूल. उद्घाटनाला मंडप, हार, पाहुणे. पुलावरून पहिली गाडी बापानं न्यायची, असं संतोषनं मोठ्या हौसेनं ठरवलं होतं. अंबादासभाऊंनी पाहुण्यांना जीपमध्ये बसवलं, पुलाच्या तोंडाशी नेलं आणि उतरले. पुलाच्या कडेचा भराव टाचेनं दोनदा खणला. मूठभर माती उचलली, मंडपात गेले आणि ती मूठ संतोषच्या हातात ठेवली.

"ही काळी माती हाय, मुरूम न्हाई," ते म्हणाले. "लोकांला चहा पाज. मी ओढ्यातून जातो."

आणि गेले. फीत तशीच, पाहुणे जीपमध्ये तसेच, जीप ओढ्याच्या पाण्यातून पलीकडे. दुसऱ्या वर्षी पुलाची एक बाजू भरावासकट वाहून गेली. गावानं तेव्हा भाऊंना शाबासकी दिली असेल असं वाटत असेल तर गाव तुम्हाला माहीत नाही. गाव म्हणालं, बापाचीच नजर लागली पोराच्या पुलाला.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जालन्याच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा अंगणात जीप नव्हती. संतोषनं ती विकून टाकली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: दादा आता गाडी चालवणार नाहीत, मग दारात गंजत कशाला ठेवायची? म्हणणं बरोबर असेलही. पण विचारायचं असतं. ज्या माणसाची एक बाजू देवानं नेली, त्याची दुसरी बाजू पोरानं न विचारता नेऊ नये एवढं समजायला शाळा लागत नाही. मला त्या पोराचा तेव्हा इतका संताप आला की मी काही दिवस त्याच्या नमस्काराला नमस्कार केला नाही. जीप जिथं उभी असायची तिथं ऑइलचा काळा डाग होता. त्याच्याकडे बघत भाऊ ओट्यावर बसायचे.

ओट्यावरून मग सगळ्या तालुक्याच्या वाहतुकीवर राग निघायला लागला. "अरे गिअर बदल, गिअर. गाडी रडून राह्यली, ऐकू येत न्हाई का तुला?" "हॉर्न वाजवून रस्ता रुंद होतो का रे?" जीपवाली पोरं त्यांच्या घरासमोर आली की जाणूनबुजून क्लच घासायची. मी त्या पोरांना शाळेत शिकवलं होतं. लाज वाटावी असं शिकवलं नव्हतं.

गफूरभाई हे त्यांचे जुने दोस्त. जीपचे मेकॅनिक. त्यांचा मुलगा जेद्दाला कामाला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्यानं एक रिमोटची गाडी आणली. खेळण्यातल्या गाड्या सुसाट पळतात, ही तशी नव्हती. हातभर लांब, मोठमोठी मऊ चाकं, आणि चाल अगदी हळू. दगडावर चढायसाठीच बनवलेली. गफूरभाई ती घेऊन आले तेव्हा मी तिथंच होतो.

"ये देखो, तुमच्यासाठी आनली," गफूरभाई म्हणाले.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मला काय लेकरू समजला का तू? उचल ती."

गफूरभाईंनी उचलली नाही. ती ओट्याखाली ठेवली आणि रिमोटनं चालवली. गाडी पायरीपाशी आली, पुढची चाकं उचलली, अडखळली, मागे सरली, पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला पायरीवर चढली. भाऊ मान वळवून बघत होते. उंबऱ्यावर ती आडवी झाली आणि कोलमडली.

"तिरपी घ्यायची ना," भाऊ ओरडले. "उंबऱ्यावर सरळ कोन जातं? इतके वर्सं जीपा दुरुस्त केल्या, चालवायची अक्कल न्हाई आली तुला."

गफूरभाई हसले आणि रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवून चहाला आत गेले.

त्यातून त्या गाडीसाठीचा तो घाट सुरू झाला. भाऊंना बाहेरच्या उंचसखल जमिनीवर चालता येत नव्हतं, काठी घसरायची. म्हणून मधल्या खोलीत. खोली जुनी, खाली सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात धान्याची कणगी आणि खाटांची दाटी. भाऊंनी कणगी हलवायला लावली, खाटा हलवायला लावल्या. वहिनींचं तोंड चालूच होतं, "घरात दगडं आनतेत का कुनी? इथं स्वयंपाक करू का खडी फोडू?" दगड मात्र आले. गफूरभाईंनी पूर्णेच्या पात्रातून गोटे आणले, टेकडीवरून धारदार काळे दगड आणले. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, झुलता पूल झाला. परातीत पाणी भरून ओढा झाला. जुन्या टायरचा बोगदा झाला. फुटकी मडकी उपडी घालून, त्यांवर सिमेंटच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरून डोंगर उभा राहिला. पोती वाळली की दगडासारखी कडक व्हायची, आणि त्यांच्या घड्या हुबेहूब डोंगराच्या घड्या दिसायच्या.

उताराला मात्र भाऊंनी निव्वळ काळी माती वापरली. गफूरभाई म्हणाले, वाळली की भेगा पडतील, मुरूम मिसळू. भाऊ उसळले. "पडू दे भेगा. सरकारी रस्त्याला पडतेत, माझ्याच रस्त्याला काऊन न्हाई? खोटा रस्ता मला बनवायचा न्हाई. खोटे लई हायेत तालुक्यात." माती वाळली, बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि गाडी त्यांत रोज अडकायची. भाऊ रोज त्या मातीला शिव्या द्यायचे आणि रोज त्यावर पाणी शिंपडून तीच भेग नव्यानं तयार करायचे. असा राग मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

घाटाच्या मध्यावर एक मोठा काळा दगड होता. गुडघ्याएवढा, वरून पुढे कललेला. तो आणायला चार माणसं लागली होती. वाडीच्या चढावरचं सगळ्यात अवघड वळण ते तसंच होतं, म्हणून तो दगड. त्यावरून गाडी पलीकडे उतरवायची, हे भाऊंचं सगळं ध्येय. बाकीचा घाट त्या दगडापर्यंत पोचायला होता.

अडचण एकच होती. रिमोटला दोन दांड्या. डावीनं पुढं-मागं, उजवीनं वळण. भाऊंचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. दोन्ही दांड्या एका हातानं चालवायचा प्रयत्न करून पाहिला, गाडी परातीत पडली. गफूरभाई दिवसभर येऊ शकत नव्हते. मग एक दिवस भाऊंनी, माझ्यासमोर, न बघता हाक मारली, "अगं, हिकडं ये. ही दांडी धर."

वहिनी पिठाचे हात पुसत आल्या. खाटेवर दोघांनी शेजारी बसायचं, रिमोट मधे. परक्या माणसासमोर नवऱ्याच्या शेजारी बसायची त्यांना सवय नव्हती. पदर पुढे ओढला, अंग चोरलं, आणि दांडी धरली. पहिल्या दिवशीचं भांडण भिंतीपलीकडे माझ्या घरात स्वच्छ ऐकू येत होतं.

"उजवीकडं. उजवीकडं म्हनलं ना."

"तुमची उजवी का माझी उजवी?"

"गाडीची उजवी."

"गाडी तोंड फिरवून बसलीय, तिची उजवी आता कुठं राह्यली?"

महिन्याभरात त्या अशा तयार झाल्या की भाऊ बोलायच्या आत वळण घ्यायच्या. त्याचाही भाऊंना राग. "मी सांगायच्या आधी काऊन वळवली?" वहिनी म्हणायच्या, "दिसत होतं मला." पुढं-मागं करणारा डावा हात भाऊंचा, वळवणारा उजवा हात वहिनींचा. तीस वर्षं मागच्या फळीवर बसलेली बाई आता स्टिअरिंगवर होती, आणि हे दोघांपैकी कुणीही बोलून दाखवलं नाही. लाइट गेली की बॅटरी चार्ज होत नसे. तेव्हा तालुक्याच्या विजेचा उद्धार दोघं मिळून करायचे.

बातमी पसरली. माणसं बघायला यायला लागली. म्हातारे, जीपवाले, बाजाराला आलेले लोक. भाऊ प्रत्येक अडथळ्याचं नाव सांगायचे. हा नाक्याचा खड्डा. ही बोळातली गटार. आणि परातीवर, अर्धा ढासळलेला, एका बाजूनं काळ्या मातीच्या भरावाचा एक पूल होता. "ह्यो संतोषचा," भाऊ म्हणायचे. लोक खो खो हसायचे.

एकदा पंचायतीतली काही माणसं पूल बघून बाहेर पडत होती आणि दारात संतोष उभा होता. त्यांच्यातला एकजण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय ठेकेदार, हा पूल तरी टिकला म्हना." संतोष त्या दिवशी पहिल्यांदा बापावर ओरडला.

"लोक हसून राह्यले माझ्यावर, दादा. तुमाला मजा येती का त्यात?"

"तुझ्या पुलावरून मानसं जानार होती," भाऊ म्हणाले. "ते वाहून गेले असते तर कोन हसलं असतं?"

"मोठ्या ठेकेदारानं जे दिलं ते टाकलं मी. माझ्या हातात काय होतं?"

"न्हाई म्हनायचं होतं."

संतोष तिथून निघून गेला. मला वाटतं, घाट मोडायचं त्यानं त्याच दिवशी मनात ठरवलं असावं. तो तसं कधी बोलला नाही, आणि बाहेर त्याचं कारण चांगलं होतं. भाऊंना दम लागत होता. डॉक्टरांनी धुळीत बसू नका म्हणून खरंच सांगितलं होतं. मी चिडलेलो आहे, पण खोटं लिहिणार नाही.

भाऊंना पुन्हा जालन्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. वहिनी सोबत होत्या. मधे एक दिवस त्या लुगडी न्यायला घरी आल्या. त्याच वेळी मी शाळेतून येत होतो. दारात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि आतून दगड बाहेर येत होते. डोंगर फुटला होता, मडक्यांची खापरं उघडी पडली होती. पूल, बोगदा, परात, सगळं ट्रॉलीत. अंगणात पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत फरशीच्या पेट्या रचलेल्या. रस्त्याच्या ठेकेदाराचं घर आतून तरी गुळगुळीत असावं, हे योग्यच.

आत तो मोठा दगड तेवढा राहिला होता. चार गडी पहारी घेऊन त्याला हात लावणार होते. संतोष वहिनींना म्हणाला, "आई, दादांच्या छातीला धूळ चालत न्हाई. येतील तवा घर बघून खूश होतील." मला वाटलं, वहिनी आता रडतील. त्या आल्या तशा बाहेर गेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून शेंदूर आणि नारळ घेऊन आल्या. स्वयंपाकघरातून तेलाची वाटी आणली. गड्यांच्या मधून वाट काढत दगडासमोर बसल्या, शेंदूर तेलात कालवला आणि दोन्ही हातांनी त्या दगडाला फासला. वरपासून खालपर्यंत. हळद वाहिली, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाया पडल्या.

"म्हसोबा हाय," त्या उठताना म्हणाल्या. "आता कुनाला काढायचाय त्यानं काढावा."

गड्यांनी पहारी खाली ठेवल्या. एकानं तर चप्पल बाहेर काढून येऊन नमस्कार केला. संतोष विनवण्या करून थकला. दुसरे गडी आणले, तेही दगड बघून परत गेले. फरशी बसवणाऱ्यानंही दगडाला धक्का लागू दिला नाही, चहूबाजूनं फरशी कापून बसवली. मला त्या दिवशी वहिनींचा जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात फार थोड्यांचा वाटला आहे.

पण भाऊ घरी आले आणि त्यांनी जे केलं त्याची अपेक्षा आमच्यापैकी कुणालाच नव्हती. दोघांनी धरून त्यांना आत आणलं. त्यांनी ती पांढरी फरशी पाहिली. मधोमध शेंदरी दगड पाहिला, त्यापुढचा नारळ पाहिला. संतोषकडे त्यांनी बघितलंही नाही. ते वहिनींवर उखडले.

"त्यानं घाट मोडला ते मोडला," ते म्हणाले. त्यांचं बोलणं आता जड झालं होतं, शब्द ओढत यायचे. "तू तर चढच नेला. देवावर गाडी घालू का मी आता?"

भाऊंनी भिंतीकडे तोंड करून झोपणं सुरू केलं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या बायका शनिवारी तेल घेऊन यायला लागल्या. कुणाचं जनावर बरं झालं, कुणाचं पोर पास झालं, आणि म्हसोबा जागृत ठरला. ज्या घरात लोक हसायला यायचे, तिथंच नाक घासायला आले. भाऊ पाठ करून पडलेले, आणि त्यांच्या पाठीमागे बायका त्या दगडाला नवस बोलायच्या. मला ते बघवत नव्हतं. एकदा मी बोललोही, की अहो, हा वाडीच्या वळणाचा दगड आहे. त्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नास्तिक मास्तर ठरलो.

राग ओसरला होता, हेच सगळ्यात वाईट. ओट्यासमोर कुणी क्लच घासला तरी आतून आवाज यायचा नाही. भाऊ चिडायचे थांबले तेव्हा मला कळलं की आता फार दिवस नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ती एक दुपार होती. त्यांचं वर्तमानपत्र द्यायला गेलो तर दार आतून लोटलेलं. हाक मारली. वहिनींनी फट उघडून पाहिलं. "गुर्जी हायेत," त्या आत म्हणाल्या आणि मला घेऊन पुन्हा दार लावलं.

भाऊंना उशा लावून खाटेवर बसवलं होतं. रिमोट त्यांच्या डाव्या हातात होता. फरशीवर, दगडाच्या पायथ्याशी, ती गाडी उभी होती. वहिनींनी दगडासमोरचा नारळ उचलून कोनाड्यात ठेवला. दोन्ही हात जोडले.

"सरक जरा," त्या दगडाला म्हणाल्या. "मालकाला जायचंय."

मग खाटेवर भाऊंच्या शेजारी येऊन बसल्या आणि उजवी दांडी धरली. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले.

"पाप लागंल," ते म्हणाले.

"मीच बसवला त्याला. पाप-पुन्य माझ्याकडं. तुमी दाबा."

गाडी दगडाला भिडली. शेंदूर तेलातला, ओलसर. चाकं घसरली, शेंदूर उडाला, गाडी खाली आली. पुन्हा. भाऊंचा चेहरा हळूहळू लाल होत होता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला गाडी अर्ध्यावर लटकली, आणि त्या ओढत बोलणाऱ्या तोंडातून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज निघाला, "तिरपी घे. तिरपी. तीस वर्सं सांगून राह्यलो." वहिनींनी बोट जरासं फिरवलं. गाडी कललेल्या कडेवर क्षणभर थांबली, पुढे झुकली आणि पलीकडे उतरली.

उतरून ती थांबली नाही. गुळगुळीत फरशीवर घसरत, वळत, भिंतीपर्यंत गेली. तिच्या मागे पांढऱ्या फरशीवर शेंदराच्या दोन लांब वाकड्या रेघा उमटल्या होत्या. वहिनी चरकल्या आणि फडकं आणायला उठल्या.

"बस खाली," भाऊ म्हणाले. धाप लागली होती, डोळे रागानं चमकत होते. "पुसायचं न्हाई. संतोष येऊ दे. त्याला बघू दे, रस्ता कसा असतो त्यो."